मोकळ्या तारेचा दिवा

तुम्हीच सांगा भाऊ, डॉक्टर एक सांगते, पोटचा पोरगा दुसरं सांगतो आणि यंत्र तिसरंच दाखवतं, तर भरवसा कोणावर ठेवायचा? मी यंत्रावर ठेवतो. मेंदूचा आलेख काढणारी यंत्रं राजापेठेतल्या माझ्या दुकानातून अख्ख्या वऱ्हाडात गेली. कॉलेज पाहिलं नाही. पेट्या उघडून उघडूनच शिकलो, कोणत्या छिद्रातून काय आत जातं आणि कोणत्यातून काय बाहेर पडतं.

मे महिन्यात अकोल्याच्या एका दवाखान्यातून डॉक्टर प्रणालीबाईंचा फोन आला. जाईबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका बेशुद्ध होत्या, श्वास नळीवर चालला होता. डॉक्टरबाईंच्या मते आत काही उरलं नव्हतं. पण आलेखावर लाटा उठत, आणि त्या पाहून मुलगा ललित नळी काढू देत नव्हता. यंत्र माझं, म्हणून खरं-खोटं मीच सांगायचं.

वाटेत मूर्तिजापूरला एक टरबूज घेतलं. हसू नका. डोक्याएवढं, पाण्यानं भरलेलं आणि विचार अजिबात न करणारं. यंत्र तपासायला मला तेच लागतं.

दुपार अशी, की रस्त्यावर कुत्रं नाही. खोलीत वाळ्याचा ओला वास आणि कूलरची घरघर. जाईबाईंच्या डोक्यावरच्या तारा काढून टरबुजाला चिकटवल्या. पडद्यावर लाटा उठल्या. ललित बघतच राहिला.

"टरबुजाले बी सपनं पडतात का, शेठ?"

मी कूलर बंद केला. लाटा निजल्या. कूलर आणि पेटी एकाच बोर्डात लावले होते. उन्हाळ्यात आपल्याकडे हीच चूक होते. खोटं कूलरचं निघालं, माझ्या यंत्राचं नाही. छाती फुगली माझी. तारा परत जाईबाईंना लावल्या. रेघ सरळ. ललितचा चेहरा पाहिला आणि फुगलेली छाती आपसूक खाली आली. वाळ्यातून ठिबकणारा थेंब न् थेंब ऐकू येत होता.

पेटीतून वीज बाहेर पडते त्या छिद्राला एक दिवा जोडतात, रोग्याच्या डोळ्यांपुढे चमकवायला. त्याला स्वतःची वीज नसते, पेटीतून येईल तीच. आवरता आवरता त्याची तार मी पेटीतून उपसून हातात धरली होती.

ललितनं आईचे पाय धरले. "आई... तुले जाऊ देऊ का?"

दिवा चमकला. एकदाच. जाईबाईंच्या चेहऱ्यावर पांढरा उजेड पडून विझला. तारेचं मोकळं टोक माझ्या मुठीत होतं, आणि ते... बर्फासारखं गार पडलं होतं.

"तुम्ही काही दाबलंत?" डॉक्टरबाईंनी विचारलं. मी मूठ उघडून दाखवली.

ललित दचकला नाही. उठून त्यानं कूलर लावला. "तिले गरमी सोसत नाही," एवढंच म्हणाला, आणि नळी काढायला मान डोलावली.

दिव्याचा हुकूम पेटीतून सुटला, की पेटीतून निघणाऱ्या आलेखाच्या कागदावर तळाशी एक खूण उमटते. ती उमटली होती. वरच्या साऱ्या रेघा तेव्हा सरळ होत्या. अहवालात हे नको, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मी लिहिलं : आत काही आलं नाही, बाहेर एकदा गेलं. खाली ठसठशीत सही केली. एवढी यंत्रं विकली, पण त्या सहीइतका अभिमान मला कशाचाच नाही.

आता हाच धंदा तुम्ही सुरू करून राहिले, म्हणून एवढंच मागतो भाऊ. आत काय आलं, बाहेर काय गेलं, हिशेब इमानानं ठेवा. जुळला नाही, तरी ठेवा.