पाच मिनिटं विसर

आमचा अर्धा संसार काचेच्या दोन बाजूंना चालायचा. आत माइकपुढे बायको, बाहेर बटणांपाशी मी. परभाषेतल्या सिनेमांना ती आवाज द्यायची आणि मी तो रेकॉर्ड करायचो. घरून भांडून आलो असलो की ती काचेतून मला जीभ काढून दाखवायची आणि मग माइकमध्ये कुणाच्या तरी प्रेमात पडायची.

हा सिनेमा विनोदी होता. नायिका जिन्यावरून पडते, फक्त नवऱ्याला विसरते, आणि तो बिचारा तिला पुन्हा पटवतो. दवाखान्यात डोळे उघडल्यावर, फुलं घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याला ती विचारते, "अहो, तुम्ही कोण?" इथे लोकांनी हसायचं.

गाडी तिथेच अडली. डबिंगच्या दिग्दर्शकाला आम्ही 'अजून एक' म्हणायचो, कारण पहिल्या टेकवर त्याचं कधीच भागायचं नाही.

"वहिनी, हा 'अहो' घरचा वाटतोय. मला परक्या बाईचा हवा."

त्याचं खरं होतं. आपल्याकडे नवऱ्यालाही 'अहो' आणि रस्त्यात पत्ता विचारायचा तरी 'अहो'च. फरक फक्त कानाला कळतो. हिच्या 'अहो'ला शेवटी किंचित शेपूट असायचं. रोज सकाळी मी दार ओढून घेणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक यायची, "अहोऽ, चष्मा!" वाचायचा चष्मा मी नेहमी विसरायचो. खरं सांगायचं तर त्या हाकेसाठी कधी कधी मुद्दामही विसरायचो.

टेकवर टेक झाले, पण शेपूट काही सुटेना. पोटात कावळे ओरडत होते. मी वैतागून आत बोलायचं बटण दाबलं.

"अगं, मी तुझा नवरा आहे हेच पाच मिनिटं विसर ना!"

"बरं," ती म्हणाली. तिने डोळे मिटले, उघडले आणि माझ्याकडे बघत विचारलं, "अहो, तुम्ही कोण?"

'अजून एक'ने चक्क टाळ्या वाजवल्या. या वेळी शेपूट नव्हतं.

बाहेर येऊन तिने हेडफोन जागेवर अडकवला आणि मला विचारलं, "पाणी कुठे मिळेल हो?" मी आणि 'अजून एक' दोघंही हसलो. वहिनी भूमिकेतून बाहेरच यायला तयार नाहीत, असं तो म्हणाला. निघताना ती आमच्याच गाडीत मागच्या सीटवर बसली. "स्टुडिओने गाडी दिली, बरं झालं," म्हणाली. तेव्हाही मी हसलो.

घराच्या दारात तिने मला नमस्कार केला, तेव्हा हसू थांबलं.

बाकी सगळं तिला आठवत होतं. मिठाची बरणी, शाळेतल्या मैत्रिणी, पाठ केलेले जुने संवादसुद्धा. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. मेहुणीने येऊन लग्नाचे फोटो दाखवले. ते बघून तिने मला मान्य केलं, पण परक्या गावात सांगितलेला रस्ता मान्य करावा तसं. मेहुणीला मात्र तिने हळूच विचारलं, "तो दिग्दर्शक मला वहिनी का म्हणतो गं?"

मी सिनेमातल्या नायकाच्या सगळ्या युक्त्या करून पाहिल्या. फुलं आणली, तर तिने ती छान फुलदाणीत लावली आणि कोणी येणार आहे का, म्हणून विचारलं. पडद्यावर याच गोष्टींना लोक हसणार होते.

शेवटचा प्रसंग डब व्हायचा बाकी होता. त्यात नायिका नवऱ्याला ओळखते. माझी सगळी आशा त्यावर होती. जिथे विसर म्हटलं, तिथेच आठव म्हणायचं. ती वेळेवर आली, काचेपलीकडे उभी राहिली. मी बटण दाबलं.

"आता आठव."

तिने अदबीने वर पाहिलं. "काय आठवू, सर?"

सांगितलेलं काम तंतोतंत करणारी बाई ती. पाच मिनिटं झाली, हे तिला सांगायचं काम माझं होतं आणि ते त्याच दिवशी, तिथेच करायचं होतं. मी हसत बसलो. याचं मला इतकं वाईट वाटतं की सांगता येत नाही.

पहिला खेळ दुपारचा होता. ती माझ्या शेजारी बसली. लोक हसले, तीही हसली. स्वतःचा आवाज ऐकून एरवी कोपर मारायची, ते मात्र केलं नाही.

अगदी शेवटी नायक दार ओढून बाहेर पडतो. तिथे संवाद नाही, नुसतं संगीत आहे. मिक्सिंग मीच केलं होतं.

संगीत थांबलं.

नायिकेने मान वळवली. नायकाकडे नाही. आमच्या रांगेकडे.

"अहोऽ, चष्मा!"

शेपटासकट.

नायकाला चष्मा नव्हता. माझा हात आपोआप खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

बायको माझ्याकडे झुकली.

"किती मायेने म्हणाली ना हो?" ती कुजबुजली. "कोणाचा आवाज आहे हा?"