जड कीबोर्ड

तपासनीस बाई पोचली तेव्हा संचालकांच्या केबिनमध्ये निकाल लागून गेला होता. पोलिसांना फोन करायचा तेवढा राहिला होता.

"नव्या औषधाचं सूत्र दुसऱ्या कंपनीच्या हाती लागलंय. ते फक्त हिच्या संगणकावर टाइप झालं होतं." भिंतीपाशी उभ्या लेखनिकेकडे संचालकांनी पाहिलंही नाही. "आमच्या मेहुण्यांनी सगळं तपासलंय. तुम्ही नुसती सही करा."

मेहुणे सुरक्षाप्रमुख होते. बहिणीच्या लग्नामुळे पदरात पडलेली खुर्ची ते लढाई मारून मिळवल्यासारखी मिरवत.

"काय तपासलंत?" तपासनीस बाईनं विचारलं.

"सगळं. व्हायरस नाही. म्हणजे काम माणसाचंच."

"यंत्र उघडलंत?"

"उघडायला तो काय कुकर आहे?"

असली माणसं तिला रोज भेटत. पडद्यावर हिरवी खूण दिसली की यांची अक्कल रजेवर. उत्तर देण्याच्याही लायकीचा तो माणूस तिला वाटला नाही. लेखनिकेच्या टेबलाशी जाऊन तिनं कीबोर्डच्या वायरला मीटर जोडला. वीज दुप्पट खेचली जात होती. शेजारचा तसाच कीबोर्ड उचलून तिनं दोन्ही हातांत तोलून पाहिले. लेखनिकेचा जड होता. तो घेऊन ती केबिनमध्ये परतली.

"हा कुठून आला?"

"यांनी दिला," लेखनिका म्हणाली. "जुना बिघडलाय म्हणाले. चांगला चालत होता."

"खोकं फोडलं आणि थेट हिला दिला," मेहुणे घाईनं म्हणाले. "मी एक बटणसुद्धा दाबलेलं नाही."

तिनं स्क्रू काढले. आत नखाएवढी जादा चिप डकवलेली होती. ती आपल्या लॅपटॉपला जोडून तिनं थोडा वेळ वाचलं आणि पडदा संचालकांकडे वळवला.

"दाबलेलं प्रत्येक अक्षर ही साठवते आणि बाहेर पाठवते. खोक्यातून थेट आला असता, तर पहिली अक्षरं या बाईंची असती. पण चिप बसवणाऱ्यानं आधी स्वतःच्या टेबलावर चाचणी घेतली. लॉगिन कुणाचं, ते वाचा. खाली पासवर्डही आहे."

नाव मेहुण्यांचं होतं. पासवर्ड, 'मीचसाहेब'.

"अशा माणसाला तुम्ही कुलूप राखायला बसवलंत," ती म्हणाली.

"भावोजी, मी फक्त..." मेहुणे संचालकांकडे वळले.

संचालकांनी उठून दार लावलं. "घरातली गोष्ट आहे, घरातच मिटवू." मग ते लेखनिकेला म्हणाले, "बाई, तुम्ही उद्यापासून कामावर या."

लेखनिका भिंतीपासून पुढे आली. तिनं त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलला.

"घर तुमचं आहे, साहेब. नाव माझं गेलं होतं," ती म्हणाली आणि तिनं पोलिसांचा नंबर लावला.