पाकिटावरचा आकडा

चाळीस पाकिटं. चाळीसांवर तोच सहा आकडी नंबर.

बियाण्यांच्या शीतकोठाराचं पोलादी दार. तोच नंबर दाबला की उघडतं.

एक जुनं, पिवळं पडलेलं लेबल: 90 percent dormant.

शर्टाच्या खिशावर सारखा जाणारा एक म्हातारा हात.

लेबलवाली धापा टाकत आली. "कोठाराचा गुप्त आकडा माझ्या लेबलांवर छापून बाहेरदेशी गेलाय, काल उघडकीला आलं! तो ठाऊक तिघांनाच. संचालक, प्रोग्रामर आणि पहारेकरी. पहारेकरी म्हणजे माझे सासरे. आज चारच्या आत खुलासा झाला नाही, तर संचालक आम्हा दोघांना पोलिसांत देणार म्हणतात."

दादांनी धाकट्या बहिणीकडे पाहिलं. सगळे तिला बारकी म्हणत, पण तिच्या तपासापुढे भल्याभल्यांची बोबडी वळे. ती आधीच चपला घालत होती. छापखान्यात तीस वर्षं खिळे जुळवलेले दादा सवयीनं मागोमाग निघाले.

लेबलखोलीत उरलेलं एक पाकीट होतं. त्यावर छापलं होतं: 90 482913ormant.

"सासऱ्यानं सुनेच्या कानात सांगितलं. उघड आहे," दादा कुजबुजले.

"आणि सुनेनं चोरी करायची सोडून दवंडी पिटली?"



"घरात मी कोठाराचं नावही काढत नाही," पहारेकरी म्हणाला. हात खिशावर. "पण पोरीला काही होता कामा नये, बाई."

बारकी सुनेकडे वळली. "काय टाइप केलं होतंस?"

"90% dormant. झोपाळू बियाणं, लवकर रुजत नाही. आधी percent अख्खं लिहायचे. ओळीत मावेना, म्हणून सोमवारपासून खूण."

"बाकीच्या लेबलांवर आकडा आला?"

"नाही. 90% viable, म्हणजे रुजणारं, लिहिलं, ती सगळी नीट आली."

बारकीचे डोळे लकाकले. दादांनी ओळखलं; ही लकाकी म्हणजे शिकार हेरली.

प्रोग्रामर ताठ्यातच होता. "माझा प्रोग्राम तपासलेला आहे. छपाईचा साचा चुकला असता तर तपासणीत ओरड झाली असती."

"साचा आधीच लिहिलेला असतो?"

"छे. पाकिटागणिक रुंदी बदलते. त्यामुळे चालू कामातच जोडतो, मजकुरासकट."

"म्हणजे तपासणीच्या वेळी तो नसतोच! आणि दार?"

"त्याच संगणकाच्या डब्यातून चालतं. दोन यंत्रं कशाला?"

पावणेचारला संचालक घड्याळ बघतच आले. "आकडा मी सकाळीच बदललाय. नवा कुणालाही सांगितलेला नाही."

"देव पावला!" बारकी जवळजवळ ओरडली. "आता लेबलावरून काय हरवलंय ते बघा. टक्क्याची खूण गेली, शेजारचा d गेला, त्यांच्या जागी आकडा बसला. छपाईच्या साच्यात ही जोडी म्हणजे हुकूम: इथे आकडा भर. v ला असा हुकूम नाही, म्हणून ती लेबलं वाचली. आता आकडा तर कुणी दिलाच नव्हता. यंत्रानं आठवणीत हाताला लागला तो भरला. दाराचा!"

दादा उडालेच. "अगं, म्हणजे गिऱ्हाइकाचा मजकूर चौकटीत बसवायचा सोडून ह्यानं त्याचीच चौकट केली!"

"दादा, आज तुझं डोकं पळतंय रे!"

"गोष्टी पुरे," संचालक म्हणाले. "पुरावा?"

"पोरी, टाइप कर. 50% dada."

"मला कशाला मध्ये घेतेस?" दादा पुटपुटले.

यंत्र खरखरलं. लेबल बाहेर आलं. सगळ्यांच्या माना एकदम वाकल्या.

50 730164ada.

संचालकांचा चेहरा पांढराफटक पडला. "हा... हा तर माझ्या बायकोलाही माहीत नाही!" त्यांनी लेबल हिसकावून टराटरा फाडलं.

प्रोग्रामर मटकन खाली बसला. "मजकूर वेगळा द्यायचा होता, साचा वेगळा. एका ओळीचं काम."

"मग कर," बारकी म्हणाली. "आणि आधी ह्या दोघांची माफी माग."

सून हसत, रडत सासऱ्यांना बिलगली. त्यांच्या खिशातला कागद चुरगळला.

त्या दिवशी सकाळी सात वाजता, सून उठण्याआधी, म्हाताऱ्यानं स्वयंपाकघरात बसून त्या कागदावर लिहिलं होतं: आकडा मीच फोडला, सुनेचा काही संबंध नाही.