वाटीतला डिंक

"इंजिन जाम असतं तर किक खाली गेलीच नसती," संघपाल म्हणाला आणि त्यानं हातानंच किक पुन्हा दाबली. जड होती, पण खालपर्यंत गेली.

दीक्षा आणि खुशी ताडपत्रीखाली डोकं घालून बघत होत्या. मे महिन्यातली दुपार. बार्शीटाकळीच्या रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. घरातली मोठी माणसं कूलरसमोर झोपली होती आणि कूलरच्या घरघरीत मागच्या अंगणातलं काही त्यांना ऐकू जाणार नव्हतं.

गाडी म्हणजे दीक्षाच्या बाबांची मोटारसायकल. चाळीस वर्षं जुनी, दोन सिलिंडरची, दोन कार्ब्युरेटरची. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ती या कडुनिंबाखाली उभी होती. काल अकोल्याहून मोतीराम मिस्त्री आले, त्यांनी ताडपत्रीचं एक टोक उचललं आणि सांगून टाकलं, इंजिन जाम झालंय, हे आता भंगार. बाबांच्या धाकट्या भावानं, धर्मेंद्रकाकांनी, वाकूनसुद्धा पाहिलं नाही. रविवारी टेम्पो घेऊन या, म्हणाले.

"मंग मिस्तरी खोटं काहून बोलला?" शेजारच्या खुशीनं विचारलं. ती दहा वर्षांची होती आणि तिचे प्रश्न संपत नसत.

"भंगार म्हटलं की भंगाराच्या भावात भेटते. मंग तोच चालू करून फिरन." संघपाल दीक्षाचा आतेभाऊ, सुट्टीला अमरावतीहून आलेला. घराजवळच्या गॅरेजात बसून बसून त्याला पाने-पेचकस कळायला लागले होते. "कारबेटर साफ केले तर होते चालू. तीन दिवस आहेत आपल्याजवळ."

"जाऊ दे ना गाडी," दीक्षा म्हणाली. "मले नाही पायजे."

का नको, हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. पुण्यानुमोदनाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या धम्मविधीच्या दिवशी, स्वयंपाकघराच्या दाराशी तिनं बायकांना बाबांविषयी बोलताना ऐकलं होतं. नागपूरला ऑपरेशनला जाताना प्रीतमला ठाऊकच होतं म्हणे, आपण परत येत नाही म्हणून. पोरीलाही धड सांगितलं नाही. आणि दीक्षाला आठवत होतं की त्या सकाळी बाबांनी तिला याच गाडीवर शाळेत सोडलं होतं आणि फाटकाशी म्हणाले होते, "चार दिवसांत येतो." म्हणजे ठाऊक असून खोटं बोलले. तेव्हापासून तिनं बाबांचं नाव घेणं सोडलं होतं.

"नको तर नको," खुशी म्हणाली, "पण स्क्रू तर सांभाळशीन?" आणि तिनं घरून दोन ताटल्या आणल्या. एकीवर खडूनं 'डा' लिहिलं, दुसरीवर 'उ'. डावीकडचं उजवीकडे गेलं तर सगळंच बिघडेल, असं संघपालनं बजावलं होतं.

कार्ब्युरेटरच्या खाली पेट्रोल साठायला छोटी वाटी असते. तिचे स्क्रू हलेनात. पेचकस लावून संघपालनं वरून हातोडीचे हलके ठोके मारले, तेव्हा कुठं डावी वाटी सुटली. आत मधाच्या रंगाचं काहीतरी घट्ट बसलं होतं.

"अव्वो, बाभळीचा डिंक!" खुशीनं वास घेऊन नाक मुरडलं.

"पेट्रोलच हाय ते. वाटीत तसंच राह्यलं की उडून जाते आन् खाली असा डिंक राह्यते," संघपाल म्हणाला. उजवी वाटीही तशीच निघाली. "दोन्ही भरलेल्या होत्या वाटते."

दीक्षाच्या हातातली ताटली तशीच राहिली.

बाबा वीज मंडळात लाइनमन होते. ट्रेनिंगला दहा-पंधरा दिवस जायचं असलं की ते गाडीचा कॉक बंद करायचे, म्हणजे टाकीतून पेट्रोल येणं थांबायचं. मग इंजिन तसंच चालू ठेवायचे, वाट्या रिकाम्या होईपर्यंत. दीक्षा टाकीवर बसून वाट पाहायची. इंजिन अडखळायचं, उसासा टाकायचं आणि थांबायचं. "जास्त दिवस जायचं असलं की तिले उपाशी झोपवा लागते, बेटा," बाबा म्हणायचे. "नाहीतर पोटात डिंक होते."

तिनं वाकून कॉक पाहिला. उघडा होता.

"संघपाल, काल मिस्तरीनं हात लावला असन काय याले?"

संघपालनं विचार केला. "लावला असन तरी काय? हा डिंक कालचा नाही. मामा गेले तवापासूनच वाट्या भरलेल्या होत्या."

दीक्षानं संघपालच्या हातातला जुना टूथब्रश घेतला आणि डावी वाटी घासायला लागली.

तीन दुपारी ते खपले. डिंक पेट्रोलमध्ये भिजवला, घासला, पुन्हा भिजवला. पितळी जेटचं, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक नळीचं, भोक सुईच्या टोकाएवढं. लोखंडी तार घातली तर ते मोठं होईल, म्हणून दीक्षानं बाबांच्या कामाच्या पिशवीतून तांब्याची तार आणली आणि तिची एकच केसासारखी लड काढली. सायकलच्या पंपानं हवा मारली. वाट्या गळू नयेत म्हणून खुशीनं जाड कागदाची पॅकिंग कापली. बॅटरी काकांच्या फवारणी पंपाची, न विचारता घेतलेली.

रविवारी टेम्पो आला. संघपालनं मोतीरामांना सगळ्यांसमोर नम्रपणे विचारलं, "काका, गाडीले झालं काय नक्की?"

"सांगतलं ना बाबू, इंजिन जाम. किकच खाली जात नाही."

संघपालनं किक मारली. पहिली फुकट गेली. दुसरीही. तिसरीला डावं सिलिंडर खोकलं, मग उजवं, आणि निळ्या धुरासकट सगळं अंगण थरथरलं.

आतून आई धावत आली. पिठाचे हात तसेच होते. तो आवाज ऐकून ती दारातच खाली बसली.

दीक्षा तिच्याजवळ जाऊन बसली. "आई, कॉक उघडा होता. वाट्या भरलेल्या होत्या. बाबानं तिले उपाशी नव्हतं झोपवलं."

आईनं तिच्याकडे पाहिलं. तिलाही ती सवय माहीत होती.

"त्याईले खरंच चार दिवसांत यायचं होतं," दीक्षा म्हणाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा बाबांसाठी रडली.

"मलेही वाटे, माझ्यापासून लपवलं म्हनून," आई म्हणाली. पिठाचा हात दीक्षाच्या केसांवर तसाच राहिला.

मोतीराम मिस्त्रींनी कार्ब्युरेटरला बोट लावून पाहिलं, पोरांचा हात साफ आहे एवढं पुटपुटले आणि रिकामा टेम्पो घेऊन गेले. धर्मेंद्रकाका तिघांसमोर उभे राहिले. "मी वाकूनही नाही पाह्यलं. तुमी पाह्यलं," ते म्हणाले. "प्रीतमदादानं पाठ थोपटली असती तुमची."

ऊन उतरल्यावर काकांनी दीक्षाला मागं बसवून गावाबाहेर एक चक्कर मारली. परत येऊन त्यांनी इंजिन बंद केलं, कॉककडे हात नेला आणि वहिनीला विचारलं, बंद करू काय?

"राहू द्या उघडा," आई म्हणाली. "उद्या परत काढायची हाय."