ज्योतिबाकडनं एक, हुपरीकडनं एक

दोघांचे हात एकाच लेन्सवर पडले आणि दोघांपैकी कुणीही आपला हात काढला नाही. प्रेमात पडणाऱ्या माणसांच्या अंगातून म्हणे अशा वेळी वीज सळसळते. संयोगिताच्या अंगातूनही काहीतरी सळसळलं. तो संताप होता.

“हात काढा,” ती म्हणाली.

“तुम्ही काढा की,” तो म्हणाला.

लेन्स हातभर लांब, दोन किलोची, सहाशे मिलिमीटरपर्यंत जाणारी. एवढी मोठी लेन्स भाड्यानं मिळायची ती शिवाजी पेठेतल्या बाळासोंच्या दुकानात, आणि तिथेही एकच. बाळासो लग्नाच्या फोटोग्राफरांना कॅमेरे, दिवे आणि पांढऱ्या छत्र्या भाड्यानं देत. दारात आलेल्या पावण्याला ‘न्हाई’ म्हणायचं नाही, हा त्यांचा धर्म होता. या धर्मापायी त्यांनी येत्या फुटबॉल फायनलच्या रविवारची लेन्स सोमवारी आदर्शला देऊ केली आणि मंगळवारी संयोगिताला. आता ते दोघांकडे मायेनं बघत म्हणाले, “च्या सांगू का?”

“चहा नको! लेन्स सांगा कुणाची ते!” संयोगिता कडाडली.

“दोघांचीबी हाय की,” बाळासो म्हणाले आणि चहा सांगायला स्वतःच बाहेर पळाले.

संयोगिताचा राग आजचा नव्हता, साठलेला होता. लेन्ससाठी ती गावभर फिरली होती. एका दुकानदारानं तिच्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, “साहेब न्हाई आले?” दुसरा म्हणाला, “ताई, मोबाईलनं काढा की, त्यात झूम असतोय.” तिसऱ्याला तिच्या मनगटांची काळजी वाटली. ही मनगटं शिरोलीच्या फौंड्रीत रोज सकाळपासून पाच-पाच किलोची कास्टिंगं उचलून, फिरवून तपासतात, हे तिनं त्याला सांगितलं. तो म्हणाला, “तरीपण.” त्या ‘तरीपण’वर ती दोन दिवस जेवताना चिडत होती.

“कशाला पाहिजे ओ तुम्हाला?” आदर्शनं विचारलं.

“विमानं. उजळाईवाडीला हवाई कसरती आहेत. रविवारी, चार वाजता.”

“मला फायनलला पाहिजे. रविवारी, चार वाजता. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ.”

“माहितीय. मी मंगळवार पेठेतली आहे.”

आदर्शनं हात काढून घेतला. लेन्सवरचा हक्क सोडला म्हणून नव्हे. शिवाजी पेठेतल्या माणसाला चटका बसला म्हणून.

“फुटबॉलला चारशेची चालते,” ती म्हणाली. “मैदान कुठं पळून जातंय? विमानाला सहाशेच लागते. मी ठरवूनच आलोय.” चिडली की तिचं ‘आलेय’चं ‘आलोय’ व्हायचं, आणि कोल्हापुरात बायकांनी तसं बोलायला चिडावंच लागतं असंही नाही.

“विमान सरळ जातंय ओ. बॉल वळतोय.”

“बॉल तासाला सातशे किलोमीटरनं वळतो का?”

त्याला हसू आलं. तिला ते दिसलं. मग तिनं मोबाईल काढून त्याच्या नाकासमोर धरला. गेल्या वर्षी परगावच्या कसरतींना ती कुणाचीतरी तीनशेची लेन्स मागून घेऊन गेली होती. तिथं काढलेला हा फोटो घरी दाखवला तेव्हा आईनं पदरानं मोबाईलची काच पुसली होती. दोनदा.

आदर्शनं नीट बघितलं. “डास हाय का?”

“दोन आहेत! समोरासमोरून येतात आणि एकमेकांना घासून जातात. त्याला क्रॉसिंग म्हणतात.” आणि एवढं बोलल्यावर उरलेलंही बोलून गेली. बंगळूरच्या एका विमानांच्या मासिकानं तिला कळवलं होतं, क्रॉसिंगचा एक फोटो पाठवा, दोन्ही विमानं स्पष्ट हवीत. आला, तर तिकडच्या मोठ्या शोला आमच्यातर्फे धावपट्टीशेजारी उभं राहायला मिळेल. नाही आला, तर… “तर ‘तरीपण’ म्हणणारा तो माणूस बरोबर ठरेल! आणि ते मला चालणार नाही!”

ती तरातरा निघून गेली. बाहेर चहाचे तीन ग्लास घेऊन बाळासो उभे होते. तिनं त्यातला एक उचलला, उभ्या-उभ्या संपवला आणि रागानं परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी आदर्शचा फोन आला. नंबर बाळासोंनी दिला होता. ते त्यालाही ‘न्हाई’ म्हणू शकले नव्हते.

“लेन्स तुम्ही न्या.”

तिनं आभार मानायला हवे होते. “मला उपकार नकोत,” ती म्हणाली. “का देताय?”

“रात्रभर तो डास डोळ्यांसमोर… झोपच आली न्हाई बघा.”

“हसताय?”

“न्हाई ओ! पण एक सांगू? सहाशेच्या लेन्समधनं तुम्हाला एकच विमान दिसणार. दुसरं कुठनं यायलंय ते कसं कळणार? मैदानावर मी डोळा लावून बसतो तवा माझा चुलतभाऊ शेजारनं सांगतोय, डावीकडनं आला, उजवीकडं पास दिला… तुमचा चुलतभाऊ कोण?”

तिला चुलतभाऊ नव्हता. होत्या त्या चार चुलतबहिणी, आणि त्या आभाळाकडे फक्त पापड वाळत घालताना बघत.

“मग मी येतो,” आदर्श म्हणाला.

“फायनल सोडून?”

पलीकडे त्यानं दोनदा घसा खाकरला. शिवाजी पेठेतला मुलगा फायनल सोडून आभाळाकडे बघत बसणार, हे वाक्य त्याला स्वतःलाच पचायला वेळ लागत असावा.

“फायनल काय… वर्षाला असतीयाच,” तो म्हणाला.

त्यानंतर संध्याकाळपुरती लेन्स बाळासोंकडून मागून आणून दोघं रंकाळ्यावर बगळ्यांवर सराव करू लागले. ती लेन्सला डोळा लावून कंबरेतून वळायची, आणि तो शेजारी उभा राहून सांगायचा. पहिल्या दिवशी तो ‘डावीकडनं’ म्हणाला ते स्वतःच्या डावीकडचं, आणि तोंड तिच्याकडे करून उभा होता. ती भडकली.

“माझ्याकडं काय बघताय? बगळा वर आहे!”

“बघतोय कुठं? अंदाज घेतोय.”

“कशाचा?”

“वाऱ्याचा.”

वारा तेव्हा तिच्या केसांत होता, त्यामुळे खोटं बोलला असं म्हणता येत नाही.

मग त्यानं डावं-उजवं सोडूनच दिलं आणि गाव जसं दिशा सांगतं तशा सांगायला लागला. “ज्योतिबाकडनं एक! हुपरीकडनं एक!” हे मात्र जमलं. ज्योतिबाचा डोंगर कुठे आणि त्याच्या समोरच्या अंगाला हुपरी गाव कुठे, हे तिला डोळे मिटूनही ठाऊक होतं. बगळे एकमेकांना ओलांडून जायचे आणि नेमके त्याच क्षणी सापडायचे. “घावलं!” ती ओरडायची… आणि मग आपण त्याच्याकडे बघून हसलो, हे लक्षात येऊन चिडायची.

“हेलिकॉप्टर आलं तर शटर हळू ठेवायचं,” ती रागानं सांगायची. “नाहीतर पंखा थांबलेला दिसतो. छताला टांगल्यासारखं. जेटला मात्र फास्ट. लक्षात राहील?”

“फोटो तुम्ही काढणार न्हवं? मी कशाला लक्षात ठेवू?”

“मी सांगतेय म्हणून!”

“मग ऱ्हाईल,” तो म्हणाला. त्यावर ती चिडली नाही. ही तिच्या बाबतीत गंभीर लक्षणं होती.

रविवारी उजळाईवाडीचा माळ माणसांनी भरून गेला. ऊन अजून तापलेलं, कुठून तरी गुऱ्हाळाचा गोड धूर येत होता. संयोगिताच्या गळ्यात दोन कॅमेरे होते. एकाला ती लांब लेन्स आणि दुसऱ्याला आखूड, नऊ विमानं एकदम येतील तेव्हासाठी. कारण माळावर लेन्स बदलत बसलं की विमान निघून जातं आणि आत येते ती फक्त धूळ. पुढच्या चटईवर बायडाबाई नावाच्या आजी भडंगाची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

आदर्शचा मोबाईल सारखा थरथरत होता. पेठेतल्या पोरांनी त्याला काय काय लिहिलं होतं ते इथे देण्यासारखं नाही. एकानं तर ‘मंगळवार’ एवढंच लिहिलं होतं. ती सगळ्यात मोठी शिवी समजावी.

नऊ विमानं आली, रंगीत धूर सोडून गेली. ती छान मिळाली. मग इतर कसरती होता होता साडेपाच वाजले आणि कर्ण्यावरून घोषणा झाली : आता क्रॉसिंग, दोन वेळा.

“ज्योतिबाकडनं एक!” आदर्श ओरडला. ती वळली. विमान लेन्समध्ये आलं, केवढं मोठं, पोटावरचे पट्टेसुद्धा दिसत होते. “हुपरीकडनं एक! आलं… आलं…” विमानं एकमेकांना घासून गेली, आणि लहानपणापासून मैदानाच्या कठड्यावर वाढलेल्या आदर्शनं दोन्ही हात वर फेकून आरोळी ठोकली, “गोऽऽल!”

त्याचं कोपर तिच्या लेन्सला लागलं.

तिनं पडद्यावर बघितलं. फोटोत बायडाबाईंची छत्री होती. अतिशय स्पष्ट.

“गोल?” ती म्हणाली. आवाज हळू होता, त्यामुळे आदर्श दोन पावलं मागे सरला. “गोल? अहो, हे विमान आहे! भारतीय हवाई दलाचं विमान! त्याला गोलकीपर असतो का?”

“चुकलं ओ… तोंडातनं गेलं—”

“तोंडातनं जाऊ दे, हातातनं का गेलं? वर्षभर मी या एका सेकंदासाठी—”

“मी फायनल सोडून आलोय!”

“मी सांगितलं होतं का सोडा म्हणून?”

बायडाबाई वळल्या. “भांडा की घरला जाऊन. नवरा-बायकोची भांडणं हितं कशाला?”

“आम्ही नवरा-बायको नाही!” दोघं एकदम ओरडले.

“मग एवढ्या हक्कानं का वराडताय?” असं विचारून त्या पुन्हा आभाळाकडे बघू लागल्या.

कर्णा पुन्हा खरखरला. शेवटचं क्रॉसिंग. आदर्श खाली बसला आणि आपले दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले. अख्ख्या शिवाजी पेठेचा उत्साह त्या दोन हातांत होता. तो तसा दाबून धरणं सोपं नव्हतं. मान तेवढी आभाळाकडे.

“ज्योतिबाकडनं एक…” या वेळी तो हळू बोलला, जवळून. “हुपरीकडनं एक… थांबा… थांबा… आत्ता.”

तिनं बटण दाबलं. माळ हादरला, कान बंद झाले, आणि मग सगळीकडे नुसता धूर उरला.

पडद्यावर दोन विमानं होती. एकाचं पोट, एकाची पाठ. मधे एवढीशी निळी फट. आतल्या वैमानिकाच्या हेल्मेटचं मापसुद्धा घ्यावं इतकं स्पष्ट.

तिनं कॅमेरा त्याच्यापुढे धरला. तो बघत राहिला… आधी फोटोकडे, मग जरा जास्तच वेळ तिच्याकडे. तेवढ्यात त्याचा मोबाईल थरथरला आणि त्याचा चेहरा उतरला.

“काय झालं?”

“तुमची पेठ जिंकली. दोन-एक.”

दुसरी एखादी मुलगी खूश झाली असती. संयोगिताचे डोळे भरून आले आणि ती जन्मात चिडली नव्हती एवढी चिडली. “आजच जिंकायचं होतं का यांना? एवढी वर्षं हरायला काही वाटलं नाही, आणि आज—”

“तुमचीच पेठ की ओ!”

“म्हणून तर! आता तुमच्या घरात सून म्हणून मी आलो, तर वर्षभर टोमणे कुणी ऐकायचे? तुमची आई, तो चुलतभाऊ, पेठेतली ती अख्खी तालीम… मला दारात तरी उभं करतील का?”

आदर्शचे हात अजून मांड्यांखालीच होते. “कोण… कुणाच्या घरात?”

ती थांबली. कानापर्यंत लाल झाली. पण माघार घेणं तिच्या पेठेत शिकवत नाहीत. “मग तुम्ही विचारणार कधी होता?”

“विचारणारच होतो. तुम्ही ओरडायचं थांबला की.”

“मी थांबत नसतो. तसंच विचारा.”

त्यानं विचारलं. नेमकं त्याच वेळी डोक्यावरून हेलिकॉप्टर चाललं होतं, त्यामुळे जीव तोडून विचारावं लागलं, आणि अर्ध्या माळानं ते ऐकलं. बायडाबाईंनी न वळताच भडंगाची पिशवी मागे सरकवली.

“व्हय म्हटलं की!” संयोगिता ओरडली. “किती वेळा सांगायचं?”

तिनं ते एकदाच सांगितलं होतं.