पिवळ्या रंगातली बाई

कॅमेरा घ्यायचा की नाही, यावर आमच्याकडे बरेच दिवस खल चालला होता. दादाचं म्हणणं, फोन आहे ना हातात, मग हे नसतं खूळ कशाला? दादा राहतो वरच्या मजल्यावर, त्यामुळे सल्ले द्यायला त्याचं काय जातं! आईजवळ दिवसभर मी असते, आतल्या खोलीत शिलाईचं मशीन टाकून.

आई विसरायला लागली होती. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग वार, मग शेजारणी. आता माझी पाळी येणार हे मला दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, "जुने अल्बम दाखवू नका. त्यातल्या दोन वेण्यांच्या मुलीलाच त्या घरभर शोधत बसतील. आजचा चेहरा दाखवा. ताजे फोटो काढून समोर लावा." पडद्यावरचा फोटो आईला कळत नसे, तिला हातात धरायला कागद लागे. मला दुसरं काहीच नको होतं. आईने मला विसरू नये, एवढंच.

फोटोच्या दुकानातले म्हातारे गृहस्थ बोलघेवडे होते. माझ्या फोनमधले फोटो पाहून त्यांनी नाक मुरडलं.

"हा तुम्हाला गुळगुळीत करतो, बाई. सुरकुत्या खाऊन टाकतो. आईंना खरा चेहरा दाखवायचाय ना? मग साधा कॅमेरा घ्या."

"आणि प्रिंटर?"

"शाईचा नको. चार दिवस वापरला नाही की शाई वाळते, मग बसा डोक्याला हात लावून. हा छोटा न्या. यात रंगाची पट्टी असते. कागद चारदा आतबाहेर होतो. आधी पिवळा, मग गुलाबी, मग निळा, शेवटी चकाकी. एकावर एक थर बसतो. मध्ये ओढू नका, म्हणजे झालं."

"ओढला तर?"

"तर अर्धवट राहील, दुसरं काय?"

त्याच दुपारी खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या आईचा फोटो काढला. कॅमेऱ्यातलं कार्ड प्रिंटरमध्ये सरकवलं. यंत्र घरघरलं, आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला. कागद बाहेर आला, तो नुसता पिवळा. फिकट पिवळ्या भिंतीपुढे फिकट पिवळी आई, आणि तिच्या खुर्चीमागे कोणीतरी उभं.

मी वाकून पाहीपर्यंत कागद पुन्हा आत गेला. गुलाबी आला, निळा आला. शेवटी चकचकीत फोटो हातात पडला, त्यात आई एकटीच होती. सुरेख आली होती. म्हटलं, दिवसभर सुईत दोरा ओवून डोळे गेलेत आपले.

पण मी पडले हट्टी. तोच फोटो पुन्हा छापायला लावला आणि डोळे फाडून पाहत बसले. पिवळ्यात ती होती. बाईच होती. या वेळी खुर्चीमागे नव्हती, खुर्चीच्या शेजारी होती... पुढचे रंग चढले तशी ती त्यांच्याखाली गेली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला, तर तिथे नुसती भिंत.

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण आदल्याच दिवशी आईने मला पाणी मागताना "अहो" म्हटलं होतं, आणि त्यापुढे ही भीती मला काहीच वाटेना. कॅमेरा कपाटावर ठेवला, आपोआप फोटो निघेल असं बटण दाबलं आणि आईशेजारी स्टुलावर जाऊन बसले. आम्हा दोघींचा फोटो. मीच शिवलेला निळा ड्रेस होता अंगात, गळ्याला बारीक टीप घातलेला.

पिवळा कागद बाहेर आला. त्यात आम्ही तिघी होतो. ती आमच्या दोघींच्या मधे वाकली होती, आणि तिचा एक हात माझ्या खांद्यावर होता...

मी प्लगच उपसून काढला. घरघर थांबली. अर्धा बाहेर लोंबणारा कागद ओढून घेतला आणि फाडणार, तेवढ्यात आईने हात पुढे केला. किती महिन्यांनी ती स्वतःहून उठली होती. कागद तिने डोळ्यांजवळ धरला आणि तिचा चेहरा लख्ख उजळला.

"आलीस का गं?" ती त्या मधल्या बाईला म्हणाली. "किती वाट पाहायला लावलीस..."

"आई, मी इथे आहे."

तिने माझ्याकडे मान वळवलीसुद्धा नाही, कागद घेऊन पुन्हा खुर्चीत जाऊन बसली. मला त्या पिवळ्या डागाचा मत्सर वाटला, रडू फुटेल इतका. आईच्या हातून तो कागद काढून घेणं माझ्याच्याने झालं नाही. मग वाटलं, आपणच तो अर्धवट ठेवलाय. पुरा छापला की बाकीचे रंग तिला झाकून टाकतील. मी प्लग लावला, नवा कागद घातला.

पिवळ्यात या वेळी दोघीच होत्या. मी सुटकेचा निःश्वास सोडला. गुलाबी. निळा. चकाकी. फोटो उचलला.

आई होती. शेजारी स्टुलावर बाई बसली होती. अंगात माझा निळा ड्रेस, गळ्याला माझ्या हातची टीप. चेहरा माझा नव्हता.

जिन्यावर पावलं वाजली. दादा रोजच्यासारखा संध्याकाळचा आईला बघायला आला. मी फोटो त्याच्यापुढे धरला.

"वा, झकास," तो म्हणाला. "हुबेहूब आलीये. कॅमेरा घेतला ते बरं केलं म्हणायचं तिने."

"दादा... नीट बघ ना."

त्याने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. मग एक पाऊल मागे सरून, परक्या बाईशी बोलावं तसं हळू आवाजात विचारलं, "माफ करा... आपण कोण?"

आतल्या खोलीत माझं शिलाईचं मशीन चालू होतं. ते थांबलं, आणि माझाच आवाज आतून म्हणाला, "दादा, कोण आलंय रे?"

दादा उत्तर देणार, त्याआधी आईने खुर्चीतून माझ्याकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं.

"कोणी नाही गं," ती म्हणाली.