डाव्या बाजूचा आरसा

शिरगावच्या सुरूच्या बनात ज्ञानेश्वरी गाडी मागे घेत होती, तेवढ्यात मागे काहीतरी धप्पकन पडलं. ती घाबरून उतरली. वाळूत एक मोटरसायकल आडवी झाली होती आणि तिच्याशेजारी एक तरुण शहाळं हातात धरून शांतपणे उभा होता.

"लागलं का तुम्हाला?"

"मला नाय. हिला थोडी वाळू लागली." त्याने गाडी उभी केली आणि तिच्या दाराकडे पाहिलं. "आरसे हायत ना गाडीला?"

"आहेत. पण... त्यांत माझं कोपरच दिसतं."

"कोपर चांगलं हाय," तो गंभीरपणे म्हणाला, "पण मागचा माणूस पण दिसला पायजे."

ती हसली. मग आपण हसलो म्हणून संकोचली.

त्याचं नाव नीलेश. मनोरच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. बोईसरला तारापूर रस्त्यावर त्याची ट्रकच्या बॉडीकामाची छोटी शेड होती. आरसे बसवणं हे त्याचं रोजचंच काम. "आणा गाडी," तो निघताना म्हणाला.

ती गाडी म्हणजे जुनी मॅटाडोर व्हॅन. ज्ञानेश्वरीचे वडील पंढरी खानापूरहून वीज प्रकल्पात वेल्डर म्हणून आले, सालवडला राहिले, आणि सुट्ट्यांत खपून त्यांनी त्या मॅटाडोरला घर करून टाकलं. आत घडीची पलंगपट्टी, स्टोव्हची फळी, आई सोजराबाईंनी शिवलेले पडदे. पंचवीस दिवाळ्या हे कुटुंब त्या गाडीतून गावी गेलं होतं. आता पंढरी निवृत्त झाले होते आणि काचबिंदूने त्यांचा उजवा डोळा नेला होता. गावी कायमचं परतायचं ठरलं होतं. गाडी ज्ञानेश्वरी चालवणार होती. तिने इथली प्रयोगशाळेतली नोकरीही सोडावी, तिकडे स्थळं पाहता येतील, असं घरात बोललं जात होतं. ती होही म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती.

आरसे बदलायला पंढरींचा विरोध होता. "जुने बशीएवढे हायेत, पण शोभतात. ट्रकचे लावले तर हत्तीच्या कानासारखे दिसतील."

नीलेशने वाद घातला नाही. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, दारावर हात फिरवला. "पत्रा पातळ हाय, काका. आतून पट्टी मारायला लागंल, नायतर आरसा थरथरंल. वरती सपाट काच, खाली बाकदार, चाकाजवळचं दिसायला. आणि पाठ मी हातानं ठोकून करीन, गोल. गाडीच्याच रंगाची."

"हातानं?" पंढरींनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "दाखव बरं पत्रा."

आठ दिवसांत दोन्ही जुने आरसे निघाले आणि उजवीकडे नवा बसला. त्या संध्याकाळी नीलेशने ज्ञानेश्वरीला आत बसवलं आणि स्वतः मागे जाऊन उभा राहिला.

"दिसतो का?"

"दिसता."

तो दोन पावलं सरकला. "आता?"

"हो."

"आता?"

"आता... नाही." तिने मान वळवली. तो दाराशेजारीच उभा होता, हात लांब केला तर लागेल इतका जवळ.

"ही जागा आरशात कदी येत नाय," तो हळूच म्हणाला. "इथं मान वळवूनच बघायचं."

तिने लगेच मान फिरवून समोर पाहिलं. कान मात्र तापले होते.

डाव्या आरशाचं काम रेंगाळलं. ज्ञानेश्वरी कामावरून सुटली की शेडवर डोकवायची. कधी पत्रा मिळाला नाही, कधी रंग वाळला नाही. मग दोघं टपरीवर चहा घ्यायची. तो पाड्याबद्दल सांगायचा, ती लहानपणीच्या प्रवासांबद्दल. "घरच चाकावर," तो एकदा म्हणाला, "मग जाताना मागं काय राहतं तुमचं?"

आणि जुलैच्या एका सोमवारी शेड बंद दिसली. शेजारचा वेल्डर म्हणाला, "नीलेश गाँव गया। खेती का टाइम है।" त्याने तिला निरोपही ठेवला नव्हता. फोन लागत नव्हता. पुढच्या आठवड्यात, शनिवारी, गावी निघायचं होतं.

"जाऊ या त्याच्या गावाला," पंढरी म्हणाले. "डावीकडचं मी बघतो. डावा डोळा शाबूत हाय माझा."

रविवारी सकाळी दोघं निघाली. पंढरी खिडकीबाहेर डोकं काढून सांगत होते: "मोकळं हाय... रिक्षा येतीय... जाऊ दे तिला." चिल्हार फाट्यापर्यंत सगळं ठीक झालं. महामार्ग सोडून आतल्या अरुंद रस्त्याला लागल्यावर पावसाची एक जोरदार सर आली. त्यांनी डोकं आत घेतलं, चष्मा पुसला. त्याच वेळी समोरून आलेल्या टेम्पोला वाट द्यायला ज्ञानेश्वरीने गाडी डावीकडे दाबली.

"थांब!" पंढरी ओरडले.

डोक्यावर रोपांचा भारा घेतलेली एक बाई गाडीच्या अंगाला हात टेकून उभी होती. वीतभर अंतर राहिलं होतं. बाई भारा सावरून पुढे निघून गेली. ज्ञानेश्वरीने उरलेली वाट पहिल्या गिअरमध्येच काटली.

नीलेश पोटरीभर चिखलात आवणी करत होता. तिला बांधावर पाहून तो भात लावायचं विसरला. त्याची आई, बायडी, पंढरींना घेऊन घराकडे गेली. ज्ञानेश्वरीने वाटेत घडलेलं सांगितलं, तसा त्याचा चेहरा उतरला.

तो घरात गेला आणि कापडात गुंडाळलेला आरसा घेऊन आला. पूर्ण तयार. रंगही सुकलेला.

"हा कधी झाला?"

"पंधरा दिवस झाले." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "हा बसवला की तुमी जाणार. म्हणून रोज म्हणायचो, उद्या. मग तुमच्या तोंडावर खोटं बोलवंना, म्हणून न सांगता इकडं आलो. गाडी एका आरशावर रस्त्यावर आणाल असं वाटलं नव्हतं. चूक माझी हाय. त्या बाईला काय झालं असतं तर..."

"तर मी तुम्हाला कधीच माफ केलं नसतं," ती म्हणाली. राग खरा होता. तो मान खाली घालून दाराला छिद्रं पाडू लागला. ती बाजूला उभी राहून एकेक स्क्रू त्याच्या हातात देत राहिली. शेवटचा स्क्रू आवळल्यावर त्याने विचारलं,

"एक विचारू? बोईसरात आरसे लावणारे पुष्कळ हायत. दुसरीकडं का नाय गेलात?"

पाऊस थांबला होता. ज्ञानेश्वरीने नव्या आरशाची काच बाहीने पुसली.

"कारण मलाही तो आरसा लागायला नको होता," ती म्हणाली. "पण घाबरून बसलो दोघंही, नीलेश. सरळ बोलायला हवं होतं."

"मग आता बोलतो. तू जाऊ नको."

तांदळाची भाकरी आणि खेकड्यांचं कालवण जेवून पंढरी ओटीवर बसले होते. ज्ञानेश्वरी त्यांच्याजवळ जाऊन टेकली.

"बाबा, मी तुम्हाला आणि आईला गावी पोचवते. पण तिथं राहणार नाही. नोकरीही सोडणार नाही. मी परत येणार."

पंढरींनी तिच्याकडे पाहिलं, मग अंगणात चिखलाचे पाय धूत असलेल्या नीलेशकडे. बायडी भांडी उचलता उचलता थबकली.

"एवढ्या लांबनं एकटी येणार परत?" पंढरींनी विचारलं.

"एकटी कशाला," नीलेश अंगणातून म्हणाला. "मी यीन ना सोबत. पण आवणी टाकून नाय येता येणार, काका. अजून आठ दिवसांचं काम हाय."

पंढरींनी शेताकडे पाहिलं. अर्ध्याहून जास्त खाचर रिकामं होतं. मग त्यांनी खिशातून फोन काढून सोजराबाईंना लावला.

"अगं, शनिवारी निघत नाय आपण," ते म्हणाले. "आठ दिवसांनी जाऊ. नाय, गाडी ठीक हाय. माणूस यायचा हाय एक, आपल्याबरोबर."